उत्तर: नव्याने आलेल्यांसाठी मंडळाने कोर्स काढावा का?

प्रेषक: कार्यवाह
सोमवार, रात्री

सप्रेम नमस्कार मंडळी,

टोरांटोतल्या आपल्या मराठी मंडळाच्या पत्त्यावर येणाऱ्या मेलचा सूर वर्षभरात बदललाय. पूर्वी लोक नाटकाच्या तिकिटांचं विचारायचे. आता "सहा महिने झाले, एकही इंटरव्ह्यू नाही", "बायकोने घरी बसून काय करावं", "इथला अनुभव नाही म्हणतात, तो आणू कुठून" असे मेल येतात. म्हणून कार्यकारिणीपुढे असा प्रस्ताव आहे: जानेवारीपासून दर शनिवारी हॉलवर दोन तास नोकरीचा कोर्स. रेझ्युमे, मुलाखतीचा सराव, बोलण्याचं इंग्रजी. शिकवायला आपलेच सभासद. हॉलभाडं आणि छपाईला चार हजार डॉलर बाजूला काढायचे. गुरुवारपर्यंत मतं कळवा.

ता. क. "रिप्लाय ऑल" जरा जपून.

---

प्रेषक: माजी खजिनदार
मंगळवार, पहाटे

तीन वेळा खजिनदार होतो म्हणून लिहितो. मंडळाच्या घटनेत "सांस्कृतिक" असा शब्द आहे, "रोजगार" नाही. उद्या कोर्स करूनही कुणाला नोकरी लागली नाही तर तो कुणाची गचांडी धरणार? आम्ही १९७४ साली टोरांटोत उतरलो तेव्हा विमानतळावर घ्यायला कुत्रंसुद्धा आलं नव्हतं. झालंच ना सगळं? चार हजारांत चांगली साउंड सिस्टीम येते. गेल्या दिवाळीला निवेदकाचा एक शब्द ऐकू आला असेल तर शपथ.

---

प्रेषक: सभासद, स्कारबरो
मंगळवार, रात्री

कार्यवाह ताई, काका, नमस्कार.

आजवर इथे फक्त वाचत होते. पण गेली नऊ वर्षं मी एका सेटलमेंट एजन्सीत, म्हणजे नवागतांना इथे बस्तान बसवायला मदत करणाऱ्या संस्थेत, सेटलमेंट वर्कर आहे, तेव्हा आज गप्प बसणं बरं नाही. मेल लांब होईल.

काका, गंमत बघा. तुम्ही ज्या १९७४ साली आलात, त्याच वर्षी केंद्र सरकारने नवागतांना बस्तान बसवायला मदत करणाऱ्या संस्थांना पैसे देण्याची योजना सुरू केली. तुमच्यापर्यंत ती पोहोचली नाही, हे खरंच. पन्नास वर्षांनी आपल्या लोकांपर्यंत ती अजूनही पोहोचत नाही, आणि आपण कोर्स काढणार आहोत तो त्यामुळेच.

प्रस्तावातल्या तिन्ही गोष्टी आज फुकट मिळतात, पोटापाण्यासाठी तेच करणाऱ्या माणसांकडून. इंग्रजीसाठी लिंकचे, म्हणजे नवागतांसाठी केंद्र सरकारच्या पैशावर चालणारे, वर्ग आहेत, १९९२ पासून. आधी चाचणी होते, मग कॅनेडियन लँग्वेज बेंचमार्क या भाषेच्या मोजपट्टीच्या बारा पायऱ्यांपैकी तुम्ही कुठे आहात ते ठरवून वर्ग देतात. रेझ्युमे आणि मुलाखतीची तयारी एम्प्लॉयमेंट काउन्सेलर करून घेतो. मुलांच्या पुष्कळ शाळांत सेटलमेंट वर्कर बसतो, कित्येक ग्रंथालयांतही. कुठे जायचं तेच कळत नसेल तर २११ हा मदतीचा फोन नंबर फिरवायचा.

मग आपली माणसं येत का नाहीत? माझ्या टेबलासमोर सगळ्या जगातली माणसं बसतात. मराठी माणूस क्वचित येतो, आणि आला तर वर्षभराने, बचत संपल्यावर, मान खाली घालून. "हे निर्वासितांसाठी असतं ना? आम्ही पॉइंट्सवर आलोय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने तोंड उघडण्याआधीच उत्तर देते. पीआर (कायम रहिवासाचा दर्जा) घेऊन नव्याने आलेले आणि मान्यता मिळालेले निर्वासित, दोघेही पात्र आहेत, मग तो पॉइंट्सवर आलेला इंजिनिअर असो, त्याच्याबरोबर आलेली बायको असो, की दावा मंजूर झालेला निर्वासित. एकच खिडकी, एकच रांग. हात पसरणं नव्हे हे. पण चार बुकं शिकलेल्या माणसाला त्या रांगेत उभं राहणं जड जातं, आणि त्या अवघडलेपणाची किंमत बहुधा बायको चुकवते.

दुसरा घोळ डब्ल्यूईएसच्या, म्हणजे परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेच्या, कागदाचा. एक्स्प्रेस एंट्रीसाठी, म्हणजे पॉइंट्सवर पीआर मिळवण्यासाठी, पदवीचं मूल्यांकन करून घेतलेलं असतं, आणि त्याच कागदावर इथे इंजिनिअर किंवा नर्स म्हणून काम करता येईल अशी समजूत असते. तो कागद पदवी कितपत तोलाची आहे एवढंच सांगतो. लायसन्स देणारी संस्था वेगळी, तिचे नियम वेगळे. ऑन्टॅरिओत इंजिनिअरला पीईओकडे, म्हणजे इंजिनिअरांना लायसन्स देणाऱ्या प्रांताच्या संस्थेकडे, जावं लागतं. तिथली एक वर्ष कॅनेडियन अनुभवाची अट मे २०२३ मध्ये निघाली, तरी एकूण ४८ महिन्यांचा अनुभव आणि व्यवसायनीतीची परीक्षा आहेच. ही बातमी अजून पुष्कळांच्या कानावर नाही. परवाच एक जण म्हणाले, "पीईओचा नाद सोडला, इथला अनुभवच नाही." जी अट निघून गेली तिच्यापायी ते गोदामात फोर्कलिफ्ट चालवतायत. गोदामाला नाक मुरडत नाही मी. सर्व्हायव्हल जॉब सगळेच करतात. पण त्यात वर्ष गेलं की दोन जातात, आणि मग रेझ्युमेवरच्या त्या खड्ड्याचं उत्तर देत बसावं लागतं.

अशांसाठीच ब्रिज ट्रेनिंग असतं. आधीच शिकलेल्या माणसाला पुन्हा पहिलीत न बसवता, मधला तुटका भाग तेवढा जोडून द्यायचा: परीक्षेची तयारी, इथल्या कामाचे नियम (कोड), त्या धंद्यातली भाषा, कधीकधी प्लेसमेंटही. परीक्षेची आणि लायसन्सची फी जमत नसेल तर विंडमिल मायक्रोलेंडिंग नावाची धर्मादाय संस्था १५,००० डॉलरपर्यंत कर्ज देते, इथली क्रेडिट हिस्टरी नसली तरी. क्रेडिट कार्डवर फी भरून व्याजात बुडालेली माणसं मी पाहिली आहेत.

आता कोर्सबद्दल. रागावू नका, पण आपल्यातले शिकवणारे सगळे आयटीतले आहेत आणि त्यांनी शेवटचा इंटरव्ह्यू २००८ साली दिलाय. त्यांचं मोल दुसरीकडे आहे. टीआरआयईसी नावाच्या संस्थेच्या मेंटरिंगमध्ये त्याच व्यवसायातला इथे मुरलेला माणूस नवागताला काही महिने जोडून देतात. तिथे नाव नोंदवा. हॉलमधल्या वीस खुर्च्यांसमोर भाषण देण्यापेक्षा एका माणसाबरोबर दर आठवड्याला तासभर बसलेलं जास्त कामाला येतं.

मंडळाने एजन्सी व्हावं की नाही, हा काकांचा प्रश्न मात्र रास्त आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला टोरांटोतल्या इटालियन लोकांनी आपल्या बांधकाम मजुरांना इथली लायसन्सं मिळावीत म्हणून वर्ग काढले. त्या आधी, १९६० मध्ये, टोरांटोतल्याच हॉग्ज हॉलो भागात बोगद्याचं काम करताना पाच इटालियन मजुरांचा जीव गेला होता. त्या वर्गांची आज कॉस्टी नावाची मोठी एजन्सी झाली आहे आणि तिथे सगळ्या जगातले लोक येतात. म्हणजे मंडळाची एजन्सी होऊ शकते. पण तेव्हा तसं दुसरं काही नव्हतंच. आज दार आहे, आपलं माणूस दारापर्यंत जात नाही. चार हजार डॉलर त्याला दारापर्यंत नेण्यावर खर्च करा.

---

प्रेषक: सभासद, मिसिसागा
बुधवार, दुपारी

वरचा मेल वाचून राहवलं नाही. ती "बायको" मीच.

नवरा म्हणायचा, तुझं इंग्रजी काय वाईट आहे? वाईट नव्हतंच. एम. कॉम. केलंय मी. पण फोन वाजला की मी तो वाजून थांबेपर्यंत बघत बसायचे. चाचणीत बोलण्याला पाच आणि लिहिण्याला सात आले, तेव्हा कळलं की मी इंग्रजी लिहिते, बोलत नाही.

लिंकच्या वर्गात माझ्या एका बाजूला सीरियातला शिंपी, दुसऱ्या बाजूला एरिट्रियाची नर्स. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, मी इथे काय करतेय? दुसऱ्या आठवड्यात व्हॉइसमेल ठेवायचा सराव होता. शिंपीबुवांनी तीन वाक्यांत काम उरकलं आणि मी "हॅलो सर, सॉरी टू डिस्टर्ब" करत अडकले. आमच्या बाई म्हणाल्या, माफी कशाबद्दल मागताय? विचार केला तर खरंच, कशाबद्दल?

भल्यामोठ्या बाइंडरमध्ये वर्गात केलेल्या प्रत्येक कामाचा कागद लावून ठेवायचा असायचा. त्या बाइंडरची कटकट सगळेच करायचे, मीही केली. मुलगी दोन वर्षांची होती. शेजारच्या खोलीत वर्गाचंच पाळणाघर होतं. ते नसतं तर मी गेलेच नसते.

एक गोष्ट मला कधी कुणी सांगितली नव्हती. ते शिंपीबुवा रोज डोळे चोळत यायचे, कारण रात्री बेकरीत पाळी. सरकारने आणलेल्या निर्वासितांना वर्षभरापर्यंत महिन्याचे पैसे मिळतात हे मला ठाऊक होतं, त्यामुळे मनात आलं, मग रात्रपाळी कशाला? तर इथे येण्याचं विमानभाडंही कर्जच असतं, आणि ते फेडायचं असतं. २०१८ पासून त्यावर व्याज नाही, एवढंच. अख्ख्या घराच्या तिकिटांचे हप्ते भरत हा माणूस क्रियापदं पाठ करत होता. "निर्वासितांसाठीच्या वर्गात" जायला लाजणारी मी नंतर त्यांच्याकडेच नोट्स मागायचे.

नंतर काउन्सेलरने पेरोलच्या प्रशिक्षणाची वाट दाखवली. आज मी तेच काम करते. फोन पहिल्या रिंगला उचलते, कधीकधी नको तेव्हाही.

---

प्रेषक: विद्यार्थी, ब्रॅम्पटन
बुधवार, रात्री

मी सभासद नाही, रूममेटने हे मेल पाठवले. कॉलेजात शिकतो. एका एजन्सीत गेलो होतो, त्यांनी सिन नंबर (कामासाठी सरकार देतं तो नंबर) विचारला. नऊने सुरू होतो म्हटल्यावर हसून नाही म्हणाले. मग आमच्यासाठी काय? एक जण पैसे घेऊन नोकरीचं पत्र देतो म्हणतोय.

---

प्रेषक: सभासद, स्कारबरो
बुधवार, मध्यरात्र

पैसे देऊ नकोस. नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणं इथे बेकायदा आहे, आणि असलं पत्र उद्या तुझ्याच फाइलवर उलटतं. हे पहिलं.

आता तुझा प्रश्न. नऊने सुरू होणारा सिन म्हणजे तात्पुरता रहिवासी, आणि केंद्राच्या पैशावरच्या बहुतेक सेवा पीआर आणि मान्यताप्राप्त निर्वासितांसाठी असतात. तुला परत पाठवणाऱ्याने तुझी चूक काढलेली नाही, त्याला पैसे देणाऱ्या केंद्राला आकडे कळवावे लागतात. ज्याचा निर्वासिताचा दावा अजून लटकलेला आहे त्याचीही तीच गत, आणि त्याला तर गरज सर्वांत जास्त. हा नियम मला कधीच पटलेला नाही. नोकरी शाबूत ठेवून याहून जास्त बोलत नाही. पण प्रांताच्या पैशावर काही कार्यक्रम चालतात, त्यांचे नियम सैल असतात. जाण्याआधी फोनवर एवढंच विचारायचं: "पीआर नसलेल्यांना घेता का?" शिवाय कॉलेजचं करिअर सेंटर तुझ्या फीमध्येच आहे. ते वापर.

---

प्रेषक: कार्यवाह
गुरुवार, सकाळी

मंडळी, इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. कोर्सचा प्रस्ताव मागे घेते. त्याऐवजी सध्या तीन स्वयंसेवक हवेत, जे नव्या माणसाबरोबर पहिल्या भेटीला एजन्सीत प्रत्यक्ष जातील. पीआरचा कागद आणि पासपोर्ट बरोबर आहे ना बघतील, आणि शेजारी बसतील. बोलायचं ज्याचं त्याने. स्कारबरोच्या ताई त्यांना एका संध्याकाळी तयार करतील. मेंटर व्हायला तयार असणाऱ्यांनी मला वेगळा मेल करावा. खर्च बस आणि पार्किंगचा.

---

प्रेषक: माजी खजिनदार
गुरुवार, सकाळी

म्हणजे साडेतीन हजार तरी शिल्लक राहतात. साउंड सिस्टीमचं कोटेशन सोबत जोडतो.

---

प्रेषक: सभासद, ओकव्हिल
गुरुवार, संध्याकाळी

ताई, एक घाईचा प्रश्न. आई लिंकच्या वर्गाला जाते, तिसऱ्या लेव्हलला आहे. वय ५८, त्यामुळे नागरिकत्वासाठी भाषेचा पुरावा लागला नाही. पुढच्या महिन्यात शपथ आहे. ती काल विचारत होती, शपथ झाल्यावर वर्ग चालू राहील ना? मी हो म्हणून टाकलं.

---

प्रेषक: सभासद, स्कारबरो
गुरुवार, संध्याकाळी

नाही राहत. नागरिक झालं की लिंक बंद. अर्ज केल्याने काही बिघडत नाही, शपथेपासून बदलतं. पण शाळा मंडळांचे प्रौढांसाठी ईएसएल, म्हणजे इंग्रजी शिकवणारे, वर्ग असतात, ते प्रांताच्या पैशावर चालतात आणि तिथे नागरिकांनाही घेतात. कित्येकदा त्याच इमारतीत असतात. तिच्या बाईंना याच आठवड्यात सांगून ठेवा आणि लेव्हलचा कागद मागून घ्या, म्हणजे मध्ये खंड पडणार नाही. आणि आईंना तुम्हीच सांगा, शपथेच्या आधी.