प्रकल्पातला निर्णय सर्वानुमते व्हावा की एकाच्या नावावर?

मूळ मत

बैठकीच्या मिनिट्समध्ये ‘सर्वानुमते ठरले’ असे वाचले की मला त्या प्रकल्पाची काळजी वाटू लागते. नेहमीचा प्रसंग घ्या. गो-लाइव्हची, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष वापरात आणण्याची, तारीख तोंडावर आलेली असते, टेस्टिंग करणारी मुलगी दबक्या आवाजात सांगते की लोड टेस्ट (गर्दीचा भार सिस्टीमला पेलतो का याची चाचणी) अजून पूर्ण झालेली नाही, त्यावर कोणीतरी ‘ते नंतर बघून घेऊ’ म्हणतो, प्रोजेक्ट मॅनेजर लॅपटॉप मिटता मिटता ‘मग कोणाची हरकत नाही ना?’ असे विचारतो आणि सगळे गप्प राहतात. संध्याकाळच्या मेलमध्ये त्याच शांततेची नोंद एकमत म्हणून झालेली असते. पुढे पहिल्याच गर्दीत सिस्टीम कोसळली, तर हा निर्णय कोणी घेतला होता हे कोणालाच सांगता येत नाही.

त्या मुलीला भित्री ठरवणे अन्यायाचे होईल. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५१ च्या प्रयोगात तीन रेषांपैकी कोणती रेषा नमुन्याइतकी लांब आहे, एवढेच सांगायचे होते; उत्तर डोळ्यांसमोर होते. तरीही आधी ठरवून बसवलेली माणसे एकसुरात चुकीचे उत्तर देऊ लागली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश वेळा खऱ्या सहभागी व्यक्तीनेही तेच चुकीचे उत्तर दिले. तिथे ना पगारवाढ अडकली होती, ना साहेबांची मर्जी.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की ऐकून सगळ्यांचे घ्यावे, पण ठरवावे एकाच व्यक्तीने. आणि तिचे नाव, निर्णयाचे कारण व ज्यांचा विरोध होता त्यांचे म्हणणे त्याच दिवशी लिहून ठेवावे.

प्रतिसाद १

मी याच्याशी सहमत नाही. एकाचे नाव म्हणजे व्यवहारात वरिष्ठाचे नाव, आणि वरिष्ठावर क्लायंटचा दबाव सर्वांत जास्त असतो.

नासा या अमेरिकी अवकाश संस्थेच्या चॅलेंजर यानाचे उदाहरण पाहा. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, म्हणजे उड्डाणाच्या आदल्या रात्री, रॉकेट मोटर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे अभियंते दूरध्वनी बैठकीत सांगत होते की इतक्या थंडीत सांध्यांमधली रबरी ओ-रिंग नीट काम करील याची खात्री नाही, त्यामुळे उड्डाण करू नये. नासाच्या अधिकाऱ्यांनी नाराजी दाखवल्यावर कंपनीने आपसात बोलण्यासाठी वेळ मागून घेतला. त्या चर्चेत अभियांत्रिकीचे उपाध्यक्ष रॉबर्ट लुंड यांना त्यांच्या वरिष्ठाने अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगितले. लुंड यांनी मत बदलले, कंपनीने लेखी संमती पाठवली आणि तिच्यावर एका वरिष्ठ अधिकाऱ्याची सहीही होती. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर यान फुटून त्यातल्या सात जणांचा जीव गेला. नाव होते, सही होती. त्याने काय साधले?

दुसरी गोष्ट अंदाजांची. काम किती दिवसांचे आहे हे ते करणाऱ्यांनी मान्य केलेले नसेल, तर लादलेल्या तारखेला ते तोंडदेखला होकार देतात, पुढच्या वेळी अंदाजात गुपचूप दिवस वाढवून मागतात आणि अडचण शेवटच्या आठवड्यापर्यंत दडवून ठेवतात. संघाची संमती ही निर्णयाची शोभा नाही. तिच्यावाचून तो निर्णय अमलातच येत नाही.

प्रतिसाद २

चॅलेंजरची हकीकत आपण अर्धीच सांगितलीत. कंपनीच्या त्या अंतर्गत चर्चेत चार व्यवस्थापकांचे मत विचारले गेले आणि चौघेही उड्डाणाच्या बाजूने होते. अभियंत्यांना मत विचारलेच नाही. म्हणजे तिथे एकाने निर्णय घेतला नव्हता, सोयीच्या माणसांपुरते एकमत घडवून आणले होते. शिवाय प्रक्षेपण केंद्रावर असलेले कंपनीचे प्रतिनिधी अ‍ॅलन मॅकडोनाल्ड यांनी संमतीपत्रावर सही करण्यास नकार दिला, म्हणून ती दुसऱ्याला करावी लागली. सहीच मागितली नसती, तर हा नकार इतका स्पष्ट झाला असता का? मूळ लेखकाचा मुद्दा यातून भक्कमच होतो.

प्रतिसाद ३

मला दोन्ही बाजूंमध्ये एक गोष्ट राहून गेलेली दिसते. विरोध नावानिशी लिहायचा, तर ती मेल कोणाकडे जाणार? वर्षअखेरीस त्याच मुलीचे अप्रेझल करणाऱ्या माणसाकडे. दोन-तीन निर्णयांनंतर विरोधाचा रकाना रिकामा राहू लागेल आणि तो रिकामा रकाना पुन्हा एकमताचा पुरावा म्हणून दाखवला जाईल.

त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ च्या एका लेखात मांडलेली पद्धत मला अधिक उपयोगी वाटते. काम सुरू करण्याआधीच प्रकल्प पार फसला आहे असे धरून चालायचे आणि तो का फसला असावा याची कारणे प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहायची. शंका काढणे हेच सगळ्यांना नेमून दिलेले काम असल्यामुळे शंका काढणारा वेगळा पडत नाही. वरिष्ठांनी आपले मत सर्वांत शेवटी मांडावे, एवढे पथ्य त्यासोबत पाळले तर बैठकीचा नूर बदलतो.

मूळ लेखक

अप्रेझलचा मुद्दा खरा आहे आणि तो मला टाळायचा नाही. विरोधाची नोंद मॅनेजरच्या वरच्या पातळीवरही जायला हवी, असे मी माझ्या सूचनेत जोडतो. मात्र कारणांची यादी कितीही चांगली झाली, तरी तिच्यापैकी कोणत्या धोक्यासाठी तारीख पुढे ढकलायची हे कोणीतरी ठरवावेच लागते. अंदाजांबाबत प्रतिसाद १ चे म्हणणे मला मान्य आहे. ज्याचे काम, त्याचाच अंदाज. पण गो-लाइव्ह हा अंदाज नाही.

प्रतिसाद १

मग गो-लाइव्हपुरते बोलू. लोड टेस्टचा निकष प्रकल्पाच्या सुरुवातीलाच, क्लायंटचा फोन यायच्या आधी, लिहून ठेवा. निकष पूर्ण झाला नसेल तर गो-लाइव्ह नाही. सवलत द्यायचीच असेल, तर मॅनेजर आणि टेस्टिंगची जबाबदारी असलेली व्यक्ती, दोघांच्याही सह्या हव्यात. एकाने नकार दिला तरी तारीख पुढे जाईल.

मूळ लेखक

निकष आधी लिहिण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, दुसऱ्या सहीला नाही. तारीख हुकल्याचा दंड आणि क्लायंटची नाराजी त्या मुलीने पेलायची नसते, पण सही मागायला तिच्याच टेबलापाशी चार माणसे उभी राहतील, आणि त्या वेळी तिने दिलेला होकार मला बैठकीतल्या शांततेहून फारसा वेगळा वाटणार नाही. सवलत मॅनेजरने एकट्याच्या सहीने द्यावी आणि त्या मुलीच्या अहवालातली वाक्ये जशीच्या तशी त्याच कागदावर, सहीच्या वर, उतरवावीत.