कीथलीचे स्पिरिच्युअलिस्ट चर्च कसे सुरू झाले? (भाचीला उत्तर द्यायचे आहे)

वेंगुर्ल्याचा मामा:

नमस्कार. माझी भाची दोन वर्षांपासून इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधील कीथली या गावी परिचारिका म्हणून नोकरी करते. गेल्या वैशाखात तिचे वडील वेंगुर्ल्यास वारले आणि तिला अंत्यदर्शनालाही पोहोचता आले नाही. ती ज्यांच्या घरी राहते त्या वृद्ध बाईंनी तिला रविवारी आपल्याबरोबर चर्चमध्ये येण्याचा आग्रह केला आहे. ते स्पिरिच्युअलिस्ट चर्च आहे. तेथे प्रार्थना आणि प्रवचन झाल्यावर माध्यम म्हणून उभी राहिलेली व्यक्ती उपस्थितांना त्यांच्या मृत आप्तांचे निरोप सांगते. माझ्या थोरल्या बहिणीला हे ऐकून धास्ती वाटली आहे, कारण तिच्या मते हा भुते बोलावण्याचा प्रकार आहे. भाचीने मात्र "मामा, जाऊ का?" असे मला सरळ विचारले आहे. नुसते हो किंवा नाही म्हणण्याआधी ही मंडळी कोण, त्यांची प्रार्थनास्थळे कशी उभी राहिली आणि ती ख्रिस्ती आहेत की नाहीत, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया लिहावे.

देवगडचा वाचक:

आपल्या भाचीचे गाव योगायोगाने या इतिहासात फार महत्त्वाचे आहे. ब्रिटनमधील या पंथाची पहिली मंडळी कीथलीलाच जमली, असे मानले जाते.

मूळ घटना अमेरिकेतली आहे. न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल या खेड्यात ३१ मार्च १८४८ च्या रात्री फॉक्स कुटुंबातील मार्गारेट आणि केट या दोन मुलींनी घरात ऐकू येणाऱ्या टकटकीला प्रश्न विचारले आणि त्यांना टकटकीतूनच उत्तरे मिळाली, असा बोभाटा झाला. पुढच्याच वर्षी रॉचेस्टर शहरात तिकीट लावून याचे जाहीर प्रयोग झाले. १८५२ मध्ये मारिया हेडन नावाच्या माध्यम बाई बॉस्टनहून लंडनला आल्या आणि तेथील उच्चभ्रू दिवाणखान्यांत त्यांच्या बैठका होऊ लागल्या.

कीथलीची कथा मात्र दिवाणखान्यातली नाही. अमेरिकेत शेकर या लहान ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या सहवासात राहून आलेले डेव्हिड रिचमंड १८५३ मध्ये तेथे गेले आणि त्यांनी टेबलावरच्या टकटकीचे प्रयोग लोकांसमोर करून दाखविले. गावातील डेव्हिड वेदरहेड या सुधारकी विचारांच्या गृहस्थांनी ही गोष्ट मनावर घेतली. १८५५ मध्ये तेथून 'यॉर्कशायर स्पिरिच्युअल टेलिग्राफ' हे नियतकालिकही निघाले. त्या काळी तारायंत्र नवे होते. दूरच्या माणसाचा निरोप तारेवरून क्षणात येतो, तर परलोकातून का येऊ नये, असे त्या लोकांना मनापासून वाटत होते, हे त्या नावावरूनच कळते.

कीथली हे लोकरी कापडाच्या गिरण्यांचे गाव, आणि हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपले चाकरमानी परळ-लालबागला गेले तेव्हा त्यांनी भाड्याच्या खोलीत गावकऱ्यांचे मंडळ काढले, वर्गणी जमविली, पेटी-मृदंग घेऊन भजने सुरू केली. यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या गिरणगावांतही बरेचसे असेच घडले. हे बहुतेक लोक मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या वळणात वाढलेले असल्यामुळे स्तोत्रे गाणे, सामान्य कामगाराने उभे राहून प्रवचन देणे आणि रविवारी मुलांची शाळा भरविणे या गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. मात्र अनंतकाळच्या नरकाची शिकवण आणि पगारी धर्मगुरूंचा अधिकार त्यांना नकोसा झाला होता. सहकारी चळवळीचे प्रणेते रॉबर्ट ओवेन यांनी १८५३ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, हा मार्ग स्वीकारल्यामुळे सुधारणावाद्यांमध्येही त्याला प्रतिष्ठा मिळाली. म्हणून या मंडळींचा आरंभ घरातल्या बैठकीपासून किंवा भाड्याच्या सभागृहापासून होई, आणि स्वतःची इमारत पैसे जमतील तशी पुढे उभी राही.

स्त्रियांचे स्थान हाही यातला मोठा भाग आहे. इतर बहुतेक चर्चमध्ये स्त्रीला व्यासपीठावर स्थान नव्हते, त्या काळात येथे माध्यम म्हणून ती बोलत असे आणि पुरुष ऐकत असत. एमा हार्डिंज ब्रिटन या त्यांतल्या सर्वांत प्रभावी वक्त्या. या पंथाच्या सात तत्त्वांचे मूळ त्यांच्या १८७१ च्या व्याख्यानात सांगितले जाते, आणि ती तत्त्वे आपल्याला ओवेन यांच्या आत्म्याकडून मिळाली असे त्यांचे म्हणणे होते. १८८७ मध्ये त्यांनी मँचेस्टरहून 'टू वर्ल्ड्स' हे साप्ताहिक काढले.

ख्रिस्ती की नाही, या आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या तत्त्वांतच आहे. ईश्वराचे पितृत्व, माणसांचे बंधुत्व, आत्म्यांशी संवाद, आत्म्याचे अखंड अस्तित्व, प्रत्येकाची स्वतःची जबाबदारी, बऱ्यावाईट कर्मांचे परलोकातील फळ आणि प्रत्येक आत्म्याला खुला असलेला उन्नतीचा मार्ग, अशी ती तत्त्वे आहेत. त्यांत ख्रिस्ताच्या बलिदानाने पापमुक्ती मिळते हे कलम नाही. स्वतःला ख्रिस्ती म्हणविणारे स्पिरिच्युअलिस्टही आहेत. पण १९०१ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या राष्ट्रीय संघाचा आधार ही सात तत्त्वेच आहेत.

खाडीपलीकडून:

वरील माहिती उत्तम आहे, परंतु दुसरी बाजूही भाचीला कळली पाहिजे. ऑक्टोबर १८८८ मध्ये मार्गारेट फॉक्स यांनी न्यूयॉर्कमध्ये भरसभेत कबूल केले की ती टकटक आपण पायाच्या बोटांचे सांधे वाजवून करीत होतो, आणि त्याचे प्रात्यक्षिकही दाखविले. पुढच्या वर्षी त्यांनी हा जबाब मागे घेतला. त्या वेळी त्या पैशाच्या ओढगस्तीत होत्या, त्यामुळे दोन्ही बाजू आपापल्या सोयीने अर्थ लावतात. मला स्वतःला कबुलीच खरी वाटते. मात्र कीथलीच्या सगळ्याच कामगारांना लबाड म्हणणे मला अन्यायाचे वाटते. घरोघरी लहान मुले दगावत असत अशा काळात त्यांना दिलासा हवा होता. पहिल्या महायुद्धानंतर ही चर्च पुन्हा भरून वाहू लागली, त्याचेही कारण तेच होते.

कायद्याने त्यांना फार काळ त्रासही झाला. माध्यमांवर १८२४ च्या भटकेगिरीविरोधी कायद्याखाली खटले होत. १९४४ मध्ये हेलन डंकन यांना तर १७३५ च्या चेटूकविषयक कायद्याखाली नऊ महिन्यांची शिक्षा झाली. तो जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि त्याच्या जागी केवळ फसवणूक करणाऱ्या माध्यमांना शिक्षा देणारा कायदा आला.

मालवणची वाचक:

आपल्या ताईंना एक फरक समजावून सांगावा, असे मला वाटते. आपल्याकडे देवळात अवसर येतो तेव्हा देव बोलतो. गावकरी गाऱ्हाणे घालतात, पावसाविषयी आणि गावच्या अडचणींविषयी विचारतात. त्यांच्या चर्चमध्ये बोलतो तो देव नव्हे, तर कोणाची आई किंवा कोणाचा मुलगा, आणि तोही एका माणसापुरता. पितरांशी आपला व्यवहार म्हाळाच्या दिवशी वाडी ठेवण्याचा असतो. कावळा शिवला की ते तृप्त झाले असे आपण मानतो. त्यांच्या तोंडून शब्द ऐकण्याची अपेक्षा ठेवत नाही. त्यामुळे ताईंना हे परके वाटणे स्वाभाविक आहे, पण त्यात अघोरी असे काही नाही.

माझी काळजी वेगळीच आहे. मुलीचे दुःख अजून ओले आहे. सांत्वन म्हणून कोणी वडिलांच्या नावाने चार सर्वसाधारण वाक्ये बोलले, तरी ती खरी मानून ती दर रविवारी जाऊ लागेल.

वेंगुर्ल्याचा मामा:

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल रात्री भाचीशी फोनवर सविस्तर बोललो. घरमालकीणबाईंचा मान राखण्यासाठी आणि गिरणी कामगारांनी उभे केलेले ते चर्च पाहण्यासाठी तिने एकदा अवश्य जावे, स्तोत्रे आणि प्रवचन ऐकावे; परंतु वडिलांविषयी कोणाला आधी काहीही सांगू नये आणि निरोप मिळालाच तर तो तसाच्या तसा लिहून मला पाठवावा, असे मी तिला सांगितले. तिने ते मान्य केले. ताईंनी एकच अट घातली आहे, की भाद्रपदात वडिलांच्या म्हाळाला तिने रजा काढून घरी यावे. विमानाचे तिकीट मी आजच पाहत आहे.