गटात पूल बांधायला दिला की एकच पोरगं सगळं करतं, बाकीचे बघत बसतात. काय करू?

सातवी_विज्ञान:
नमस्कार मंडळी, मी रत्नागिरी जिल्ह्यात जि. प. शाळेत सातवीला शिकवते, वर्गात 34 पोरं. गेल्या आनंददायी शनिवारी म्हटलं नुसती गाणी गोष्टी नको, हाताने काहीतरी करू. आमच्या इथे पोरांना साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, माहितीच आहे, म्हणून तोच विषय घेतला. दोन बाकांत 40 सेंमी अंतर म्हणजे ओढा, त्यावर रद्दीचा साकव बांधायचा. प्रत्येक गटाला पेपरची 8 पानं, 1 मीटर चिकटपट्टी, 1 मीटर सुतळी आणि 40 मिनिटं. शेवटी मधोमध वह्या ठेवत जायच्या, किती पेलतो बघायचं. सहा गट केले, पाच-सहा जणांचे.

पोरं खूष होती पण मला जे हवं होतं ते झालंच नाही. चार गटांत एका मुलाने चिकटपट्टी हातात घेतली ती सोडलीच नाही, मुलींना "तू धर, तू काप" एवढंच काम, एका गटात तर भांडणातच वेळ गेला आणि शेवटच्या पाच मिनिटांत कसंतरी उभं केलं. चार साकव पहिल्या-दुसऱ्या वहीलाच बसले. सुटताना एक मुलगी, एरवी वर्गात तोंड उघडत नाही, हळूच म्हणाली, मॅडम मी सांगत होते पेपरच्या गुंडाळ्या करूया पण कोणी ऐकलंच नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं. तिचं बरोबर होतं ना!

सगळ्यांना बोलतं कसं करायचं? आणि आकारिक मूल्यमापनात गुण गटाला द्यायचे की एकेकाला?

खडू_फळा:
मॅडम आधी गट लहान करा. सहा जणांत दोघं तिघं बघेच होणार, आठ पानांना बारा हात कसे पुरतील. मी चारच्या वर जात नाही.

दुसरं म्हणजे काम असं द्या की एकट्याला करताच येणार नाही. माझ्या वर्गात कात्री एकाकडे, चिकटपट्टी दुसऱ्याकडे, कागद तिसऱ्याकडे, मोजपट्टी नि वही चौथ्याकडे, आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, काय हवं ते तोंडाने सांगायचं. दर दहा मिनिटांनी वस्तू फिरवायच्या. पहिल्यांदा पोरं वैतागतात पण मग बोलायला लागतात कारण बोलल्याशिवाय पट्टीच मिळत नाही. ही युक्ती माझी नाही, 1971 मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि त्यांचं जमत नव्हतं, तेव्हा एलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. पूर्ण धडा हवा तर शेजारच्याचं ऐकावंच लागणार. ज्याच्याकडे कोणी बघत नव्हतं तो पण मग गरजेचा झाला.

आणि सुरुवातीला तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपापल्या वहीत साकव काढायचा आणि मग प्रत्येकाने अर्धा मिनिट आपलं चित्र दाखवायचं, तोवर कागदाला हात नाही. तुमच्या त्या मुलीची गुंडाळी अशाने सगळ्यांसमोर आली असती.

साईटवरचा_माणूस:
मी शिक्षक नाही, बांधकामात आहे, तरी सांगतो. चूक पोरांची नाही, वजन शेवटी ठेवलं ही आहे. मार्शमॅलोवाला खेळ ऐकला असेल, स्पॅगेटीच्या, म्हणजे लांब कच्च्या शेवयांच्या, 20 काड्या, थोडी टेप, थोडा दोरा, 18 मिनिटं, आणि मनोऱ्याच्या टोकावर मार्शमॅलो, म्हणजे एक मऊ गोळी. पीटर स्किलमनने काढला आणि टॉम वुजेकने जगभर खेळवला. त्यात बालवाडीची पोरं एमबीएवाल्यांपेक्षा सरासरीने उंच मनोरा करतात! मोठी माणसं बोलत, ठरवत बसतात, मार्शमॅलो ठेवतात शेवटच्या क्षणी आणि सगळं वाकतं. पोरं पहिल्यापासून तो लावून बघतात, पडलं की परत करतात. म्हणून दहाव्या मिनिटाला सगळ्यांना एक वही ठेवायला लावाच, मोडू दे.

मोडल्यावर विचारा कुठे वाकला, आधी कुठे सुरकुती पडली. वजन मधे आलं की खालची बाजू ताणली जाते, वरची दाबली जाते. कागद ताण बऱ्यापैकी घेतो पण दाबला की लगेच मुडपतो, म्हणून गुंडाळी करायची. चौकोन तिरका होतो, त्रिकोण होत नाही, हे सांगू नका, हाताला कळू द्या. अरविंद गुप्तांची काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची (बारीक रबरी नळीची) खेळणी आहेत ना, त्यात एक चौकोन एक त्रिकोण करून पोरांना दाबून बघायला द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

दोन_मुलींचा_बाबा:
मुलींना "धर" आणि "काप" हे वाचून वाईट वाटलं. 2015 च्या पिसा या आंतरराष्ट्रीय परीक्षेत 15 वर्षांच्या मुलांना एकत्र मिळून प्रश्न सोडवायला दिले होते, आपला देश त्यात नव्हता, पण जे जे देश होते त्या प्रत्येकात मुली मुलांपेक्षा पुढे होत्या. म्हणजे आपण अर्ध्या वर्गाचं डोकं कात्री धरायला लावतोय.

बक्षीस मात्र ठेवू नका प्लीज. जिंकायचं म्हटलं की ज्याला येतं तोच पुढे होतो.

खडू_फळा:
पूर्ण पटत नाही, थोडी चुरस पोरांना लागतेच. मी असं करतो, गटाने स्वतःच्याच पहिल्या आकड्याला हरवायचं. आणि गुण मी वह्यांच्या संख्येवर देत नाही. गटातल्या कुठल्याही एकाला उठवतो आणि विचारतो तुमचा साकव असा का केला, काय बदललं. कोणाला उठवेन माहीत नसतं त्यामुळे सगळ्यांना एकमेकांना समजावून ठेवावं लागतं. ते उत्तर गटाचं, आणि चित्राची वही एकेकाची.

सातवी_विज्ञान:
काल परत केलं! 34 चे नऊ गट, सात गट चारचे आणि दोन तीनचे. तीनच्या गटात एकाकडे दोन वस्तू आल्या, तिथे जरा गोंधळ झाला. चित्रं काढताना वर्ग इतका शांत होता की शेजारच्या वर्गाचे सर डोकावून गेले. दहाव्या मिनिटाला नऊपैकी सात मोडले, दोघं रडवेले झाले, पण मग जे सुरू झालं ते काय सांगू. "अरे इथून वाकला बघ", "तिची गुंडाळी घे ना मधे", असं आपापसात. त्या मुलीच्या गटाने 11 वह्या पेलल्या, एका गटाने 14. मी मुद्दाम तिला नाही, तिच्या गटातल्या त्या चिकटपट्टीवाल्या मुलाला उठवलं, तर तो म्हणाला गुंडाळी तिची, मी फक्त सुतळीने खालून ताणली. तिने मान खाली घातली पण हसत होती.

आता पुढच्या शनिवारी रद्दीऐवजी माडाचे हीर (झावळीच्या पात्यांच्या मधल्या काड्या) वापरायचा विचार आहे, इथे फुकट मिळतात. सांधे सुतळीने बांधू की व्हॉल्व्ह ट्यूब आणू? नऊ गटांना किती मीटर लागेल, साईटवाले दादा सांगाल का?