एका बल्बच्या उजेडात बारशाचे फोटो: खिशातला कॅमेरा कोणता?

प्रश्न: मातीच्या भिंतीचं माजघर, ९ वॅटचा एकच एलईडी बल्ब. लेकराच्या तोंडावर फ्लॅश नको. जुना कॅमेराही चालेल. कोणता पाहू, भाऊ?

उत्तर १: मेगापिक्सेल नाही जी, सेन्सर (कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग) पाहा. १ इंची सेन्सर साध्या १/२.३ इंचीच्या क्षेत्रफळानं चौपट मोठा असतो. सोनी आरएक्स१०० मार्क ३ किंवा कॅनन जी७एक्स मार्क २ घ्या. दोन्हींची लेन्स एफ/१.८ (हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं आणि उजेड जास्त). झूम ओढला की ती एफ/२.८ होते, उजेड निम्म्याहून कमी. त्यापेक्षा पाळण्याजवळ सरका.

उत्तर २: शटर (उजेड आत घ्यायचा वेळ) १/१०० सेकंद, आयएसओ (उजेड किती वाढवून दाखवायचा तो आकडा) ऑटो, कमाल ३२००. १/३० ला लेकराची बोटं पुसल्यासारखी येतात. स्टॅबिलायझर तुमचा हात सावरतो, लेकराचा नाही.

उत्तर ३: जुना घेताना एफ/११ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. करडे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. लेन्स खोलल्याशिवाय ती निघत नाही. असा घेऊच नका.