‘येस्टर्डे’ असताना ‘हॅव’ का चालत नाही?

प्रश्न:
कामानिमित्त मला रोज इंग्रजीत पत्रव्यवहार करावा लागतो. गेल्या आठवड्यात मी ‘आय हॅव सेंट द रिपोर्ट येस्टर्डे’ असे लिहिले, तेव्हा वरिष्ठांनी ‘हॅव’ खोडले. ‘मी काल अहवाल पाठवला आहे’ या मराठी वाक्यात कोणालाच काही खटकत नाही, आणि वाक्यात ‘आहे’ आले की ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ लावायचे, असेच मी शाळेत शिकलो. मग केवळ ‘येस्टर्डे’ काढल्याने तेच वाक्य शुद्ध कसे होते? नियम पाठ आहे, मला त्यामागचे कारण हवे आहे.

प्रतिसाद १:
तुमचा घोटाळा अगदी स्वाभाविक आहे, कारण तो मराठीतूनच आलेला आहे. आपला पूर्ण वर्तमानकाळ ‘काल’, ‘परवा’, ‘२०१९ मध्ये’ असे शब्द बिनतक्रार सामावून घेतो. इंग्रजीतला मात्र घेत नाही. इंग्रजीत ‘हॅव’ हे वर्तमानकाळाचेच रूप आहे, त्यामुळे ‘आय हॅव सेंट द रिपोर्ट’ म्हणणारा माणूस आजची स्थिती सांगत असतो: अहवाल गेलेला आहे, आता तुम्ही तो पाहू शकता. ‘येस्टर्डे’ म्हटले की लक्ष आजवरून संपून गेलेल्या दिवसाकडे वळते आणि तिथे साधा भूतकाळच लागतो. म्हणूनच ‘व्हेन हॅव यू सेंट इट?’ असा प्रश्न इंग्रजीत विचारत नाहीत; ‘व्हेन डिड यू सेंड इट?’ असेच विचारतात. आपले वाक्य ‘केव्हा?’ या प्रश्नाचे उत्तर देत असेल, तर ‘हॅव’ टाळावे, ही कसोटी मला वर्षानुवर्षे उपयोगी पडली आहे.
मात्र कालावधी अजून चालू असेल, तर हरकत नाही. ‘आय हॅव सेंट थ्री रिपोर्ट्स धिस वीक’ हे वाक्य बरोबर आहे, कारण आठवडा संपलेला नाही.

प्रतिसाद २:
वरील विवेचनाशी मी सहमत आहे, पण मराठी माणूस याच्या उलट चूकही तितकीच करतो, आणि माझ्या मते ती अधिक घातक आहे. ‘मी पाच वर्षांपासून इथे राहतो’ हे आपण साध्या वर्तमानकाळात म्हणतो आणि त्याचे ‘आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ करून टाकतो. त्यात दोन चुका आहेत. भूतकाळात सुरू होऊन आजवर चाललेल्या गोष्टीला इंग्रजीत ‘आय हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ लागते. शिवाय आपला ‘पासून’ हा एकच शब्द दोन कामे करतो, तर इंग्रजीत आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’ आणि कालावधीसाठी ‘फॉर’ असतो: ‘सिन्स २०१९’, पण ‘फॉर फाइव्ह इयर्स’.

प्रतिसाद ३:
एक छोटी पुरवणी. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ या शब्दांबरोबर ब्रिटिश इंग्रजीत सहसा ‘हॅव’ येते, पण अमेरिकी बोलण्यात ‘डिड यू ईट येट?’ हेही सर्रास ऐकू येते. ते ऐकून गोंधळू नये.

मूळ प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. ‘केव्हा?’ची कसोटी लावल्यावर माझी चूक लख्ख दिसली. एक शंका उरली आहे: नोकरीच्या अर्जात ‘आय वर्क्ड हिअर फॉर टू इयर्स’ लिहिले तर चालेल का? मी अजून तिथेच काम करतो.

प्रतिसाद १:
नाही, कारण वाचणारा असे समजेल की तुम्ही ती नोकरी सोडली आहे. ‘फॉर टू इयर्स’ दोन्ही काळांत बसते, त्यामुळे तुम्ही अजून तिथे आहात की नाही, हे केवळ ‘हॅव’वरून कळते. ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर टू इयर्स’ असे लिहा.