कडाक्याच्या थंडीत वयस्क कुत्रा, बोका आणि गंजीखालची पिल्ले : सल्ला हवा आहे

कादवाकाठ :

नमस्कार. आमची वस्ती निफाड तालुक्यात, कादवा नदीच्या काठी मळ्यात आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदल्या गेलेल्या नीचांकी तापमानाची बातमी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येते. पारा ५ अंशांच्या खाली उतरला की आम्ही पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो आणि विहिरीचे पाणी सोडतो. बाग कशी वाचवायची हे आम्हाला ठाऊक आहे. घरच्या जनावरांच्या बाबतीत मात्र जो तो वेगळे सांगतो, म्हणून येथे विचारत आहे.

आमचा गावठी कुत्रा १२ वर्षांचा असून पडवीत फरशीवर अंथरलेल्या गोणपाटावर झोपतो. सकाळी उठताना त्याचे मागचे पाय थरथरतात, थोडे चालल्यावर मोकळे होतात. नसबंदी केलेला एक बोका आहे. तो कोरडे तयार खाद्य खातो आणि थंडी पडल्यापासून पाण्याला फारसे तोंड लावत नाही. शिवाय वस्तीवरची एक कुत्री कडब्याच्या गंजीखाली व्यायली आहे. पिल्लांचे डोळे नुकतेच उघडले आहेत.

कुत्र्याला स्वेटर घालावा का, आंघोळ पूर्ण बंद करावी का, आणि शेजारी सांगतात त्याप्रमाणे थेंबभर ब्रँडी देणे किंवा कापूर घातलेले तेल चोळणे योग्य आहे का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

शिवनेरीचा शेतकरी :

स्वेटरचा विचार नंतर करावा, आधी फरशी बदलावी. जनावराच्या अंगात स्वतःची ऊब असते. ती खालून जमीन ओढून घेते, बाजूने वारा नेतो आणि ओल तर सर्वांत लवकर घालवते. या तीन वाटा बंद केल्या की आपल्याकडच्या थंडीत निरोगी कुत्र्याला वेगळी ऊब द्यावी लागत नाही. द्राक्षाचे जुने लाकडी क्रेट उलटे मांडून त्यांवर फळी ठेवावी, म्हणजे अंथरूण जमिनीपासून वीतभर उंच राहील. फळीवर गोणपाटाऐवजी भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड जाडसर पसरावे. गोणपाट दव शोषून घेते आणि पहाटेपर्यंत थंडगार होते, तर पेंढ्यात कुत्रा खोल घुसून बसतो आणि काडीकाडीतली हवा त्याच्याच अंगाने तापते. पेंढा दर आठवड्याला उन्हात पसरून झटकावा, ओला झाला असल्यास टाकून द्यावा, कारण त्यात गोचीड आणि पिसवा लपून राहतात.

खोके केले तर ते कुत्र्याला आत वळून बसता येईल इतकेच मोठे असावे. जागा जितकी मोठी तितकी ती तापायला वेळ लागतो. तोंड दक्षिणेकडे ठेवावे, म्हणजे उत्तरेचा वारा आत शिरणार नाही. वरून प्लॅस्टिकचा कागद टाकल्यास तो चोहोबाजूंनी आवळू नये. आत श्वासाची वाफ धरते आणि अंथरूण ओले होते.

पशुवैद्यक :

मी पशुवैद्यक असल्यामुळे औषधांपासून सुरुवात करतो. ब्रँडी देऊ नये. मद्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब आल्यासारखी वाटते आणि प्रत्यक्षात शरीराचे तापमान आणखी खाली जाते. पिल्लाला तर चमचाभर ब्रँडीही जिवावर बेतू शकते. कापूर, निलगिरीचे तेल आणि सर्दीचे मलम मांजर चाटून पोटात घेते आणि ते त्याला विषारी असते. कुत्र्यालाही ते लावू नये.

वयस्क कुत्र्याचे वर्णन वाचून सांधेदुखीची शंका येते, परंतु तपासणीशिवाय तसे ठरवू नये. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी त्याला देऊ नका. मांजराच्या यकृतात पॅरासिटामॉल निकामी करणारी यंत्रणा अतिशय दुबळी असते, त्यामुळे एक गोळीसुद्धा त्याचा प्राण घेऊ शकते. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामके आहेत, मात्र ती सुरू करण्यापूर्वी मूत्रपिंड आणि यकृताच्या रक्तचाचण्या करून घ्याव्यात. तोपर्यंत ऊन वर आल्यावर त्याला संथपणे फिरवावे आणि वजन वाढू देऊ नये. या वयात, अंगावर केस विरळ असल्यास, रात्रीपुरता सुती अस्तराचा स्वेटर चालेल. तो काखेत काचत नाही ना, हे रोज हात घालून पाहावे आणि दिवसा काढून ठेवावा.

आंघोळ गरज पडली तरच, दुपारी, कोमट पाण्याने घालावी आणि टॉवेलने केसांच्या मुळापर्यंत अंग कोरडे करावे. केस भादरू नयेत.

मांजरांच्या घरातून :

बोक्याबद्दल मला विशेष काळजी वाटते. थंडीत पाणी कमी पिणारा, कोरडे खाद्य खाणारा आणि घरात बसून जाड होणारा बोका असेल, तर लघवीचा मार्ग तुंबण्याचा धोका वाढतो. तो वारंवार मातीत किंवा वाळूत बसतो, कण्हतो, मागचा भाग चाटत राहतो आणि लघवी येत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये. मूत्राशय तुंबून एक-दोन दिवसांत प्राण जातो. खाद्यात कोमट पाणी मिसळावे, पाण्याची पसरट भांडी दोन-तीन ठिकाणी आणि खाद्यापासून दूर ठेवावीत. दूध हा पाण्याला पर्याय नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि जुलाब होतात.

रात्री पिकअप किंवा ट्रॅक्टर नुकताच येऊन उभा राहिला की मांजर इंजिनाच्या उबेला आत शिरते. पहाटे गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेट जोरात थोपटावे आणि क्षणभर थांबावे.

कादवाकाठ :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. क्रेट आणि काड आजच मांडतो, दवाखान्यातही जाऊन येतो. एक पिल्लू इतरांपासून बाजूला पडलेले असते आणि हाताला गार लागते. त्याला बाटलीने दूध पाजावे का?

पशुवैद्यक :

आधी ऊब, मग दूध. पहिले तीन-चार आठवडे पिल्लाला स्वतःचे तापमान नीट राखता येत नाही, म्हणून ती आईला आणि एकमेकांना चिकटून झोपतात. गार पडलेल्या पिल्लाची आतडी जवळजवळ थांबलेली असतात. अशा वेळी पाजलेले दूध पचत नाही आणि श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. गरम पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवावी आणि हळूहळू ऊब द्यावी. उघडी बाटली किंवा हिटिंग पॅड थेट अंगाला लागू देऊ नये, कारण अशक्त पिल्लाला बाजूला सरकता येत नाही आणि कातडी भाजते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये, तिच्या वायूने गुदमरून मृत्यू येतो. पिल्लू उबदार होऊन तोंड हलवू लागले की आईच्या सडाला लावावे. तरीही ते ओढत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. येणे शक्य नसल्यास १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करावी. आईला रोजच्यापेक्षा जास्त अन्न द्यावे, कारण दूधही तिलाच तयार करायचे आहे आणि रात्रभर ऊबही तिलाच धरायची आहे. दोन आठवड्यांच्या पिल्लांना वजनानुसार जंताचे औषध सुरू करता येते, आईलाही द्यावे. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस टोचून घ्यावी.

शिवनेरीचा शेतकरी :

शेकोटीबद्दल राहिले. निखारे वरून विझले तरी राख आतून तापलेली असते आणि कुत्री तिच्यावर जाऊन बसतात, त्यामुळे पंज्यांच्या गाद्या आणि पोट भाजते. बागेतून निघण्यापूर्वी राखेवर पाणी ओतावे. तसेच लवकरच द्राक्षांचा हंगाम सुरू होईल. द्राक्षे, मनुका, बेदाणे कुत्र्याला खाऊ घालू नयेत, कारण त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. डिंकाच्या लाडवात बेदाणे असतील तर तोही देऊ नये. कुत्र्याने गळालेले मणी खाल्ल्याचे लक्षात आले, तर उलटी होण्याची वाट न पाहता त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावे आणि साधारण किती मणी खाल्ले असतील व बागेत शेवटची फवारणी कशाची झाली होती, हे दोन्ही त्यांना सांगावे.