संस्थानांवरची 'सूझरेन्टी': अधिसत्ता, आधिपत्य की सार्वभौमत्व?

कलमबहाद्दर
भारतीय स्वातंत्र्य कायदा, १९४७ मधील कलम ७ मराठीत आणताना अडलो आहे. संस्थानांवरील ब्रिटिश राजाची 'सूझरेन्टी' (suzerainty, म्हणजे मांडलिक राज्यांवरची वरिष्ठ सत्ता) संपुष्टात येते, असे ते कलम सांगते. मी 'सार्वभौमत्व' लिहिले होते, ते खोडून संपादकांनी 'आधिपत्य' केले. नेमका शब्द कोणता?

सातारकर
'सार्वभौमत्व' नकोच. मांडलिकाची गादी, दरबार आणि मुलकी कारभार त्याच्याकडेच राहतो, बाहेरच्या सत्तांशी बोलण्याचा अधिकार मात्र वरचा राजा राखतो. म्हणून 'अधिसत्ता' लिहावे. १८१९ च्या तहाने प्रतापसिंह छत्रपतींना साताऱ्याचे राज्य मिळाले, पण इतर सत्तांशी परस्पर व्यवहार करण्यास मज्जाव होता. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवूनच १८३९ मध्ये त्यांना गादीवरून काढून काशीला धाडले.

रोखठोक
ज्याला गादीवरूनच उतरवता येते, त्याच्या हाती उरले काय? १८४८ मध्ये तर दत्तक नामंजूर करून सातारा खालसाच केला. याला 'आधिपत्य'च म्हणतात. 'अधिसत्ता' कोशात शोभतो, बोलण्यात कोणी वापरत नाही. 'मांडलिकत्व संपले' असे लिहा, शाळकरी मुलालाही कळेल.

कलमबहाद्दर
मांडलिकत्व संस्थानाचे असते आणि कलम बोलते ते राजाच्या सत्तेविषयी. तसे लिहिल्यास वाक्याचा कर्ताच बदलतो.

उत्तरवारा
फ्रेंच मुळातही 'वर' या अर्थाचा शब्द आहे, त्यामुळे 'अधि-' हा उपसर्ग चपखल बसतो. शिवाय हा भेद काढून टाकण्याजोगा नाही. १९१४ च्या सिमला करारात चीनची तिबेटवरील अधिसत्ता आणि बाह्य तिबेटची स्वायत्तता एकत्र नोंदली होती; अधिसत्तेची ती भूमिका ब्रिटनने थेट २००८ मध्ये सोडली. तिथे 'आधिपत्य' लिहिले, तर वाद कशाचा होता हेच वाचकाला कळणार नाही.

रोखठोक
तिबेटवरच्या त्याच चिनी अधिसत्तेला व्हाइसरॉय कर्झनने १९०३ मध्ये 'घटनात्मक कल्पित', म्हणजे नुसती कागदोपत्री कल्पना, ठरवले होते. पोकळ सत्तेला भारदस्त नाव देऊन काय साधणार?

सातारकर
'मांडलिक'ही दिसतो तितका सरळ नाही. तो 'मंडल' म्हणजे प्रदेश यावरून आला, आणि त्यात हीनपणा मुळीच नव्हता. चालुक्यांचे वर्चस्व मानणारे कोल्हापूरचे शिलाहार आपल्या लेखांत 'महामंडलेश्वर' हे बिरुद अभिमानाने मिरवत.

रोखठोक
बिरुद मिरवले म्हणून अंकितपणा संपत नाही. कौटिल्याचे 'मंडल' तर मित्र आणि शत्रू राजांचे वर्तुळ आहे; 'मांडलिक' त्यावरून आला नाही कशावरून?